एका गोळीची दोन कामे आणि शंभर नावे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला इतिहासाचा एखादा विषय घ्या असे सुचविले, तेव्हा एखाद्या संपाची हकीकत ऐकावयास मिळेल अशी त्यांची कल्पना असावी. आम्ही मात्र एका गोळीचा इतिहास घेऊन आलो आहोत. दुखणे थांबवावे आणि झोपही आणावी, अशा दुहेरी कामाच्या गोळीचा. आम्ही डॉक्टर नाही आणि रसायनशास्त्राचे पदवीधरही नाही. नववीनंतर आमची शाळा सुटली. त्यापुढचे शिक्षण झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. हा विषयदेखील त्या व्हरांड्यातच आमच्या पदरी पडला. तेव्हा तो कसा पडला ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या एका कामगाराचा हात पहाटे तीनच्या सुमारास पट्ट्यात सापडला आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. नुकसानभरपाईचा अर्ज आम्ही लिहून दिला. मालकाच्या बाजूने उत्तर आले की अपघाताच्या वेळी कामगार नशेत होता, सबब भरपाई देणे लागत नाही. त्या वेळी लागू असलेल्या १९२३ सालच्या भरपाई कायद्यात तशी सवलत होतीच. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नसेल, आणि अपघात सरळसरळ कामगाराच्या दारूच्या किंवा ‘ड्रग्ज’च्या अंमलामुळे घडला असेल, तर मालक जबाबदारीतून सुटत असे. आम्ही त्या कामगाराला एकीकडे घेऊन विचारले. तो म्हणाला, “भाऊ, आयुष्यात दारूला शिवलो नाही. सर्दीची गोळी घेतली होती.” सर्दी झाली होती का, असे विचारल्यावर खाली पाहून म्हणाला, “सर्दी कुठली! पत्र्याच्या खोलीत दिवसा झोप लागत नाही. त्या गोळीने लागते. संध्याकाळी अंग ठणकत होते म्हणून अजून एक घेतली.”

त्याने खिशातून तीन स्ट्रिपा काढल्या. तीन रंग, तीन नावे. एक सर्दीची, एक अंगदुखीची, एक डोकेदुखीची. ओळखीच्या औषध दुकानदाराकडे जाऊन आम्ही भिंगाखाली मागची बारीक अक्षरे वाचली. तिन्हींत पॅरासिटामॉल होते आणि त्यांपैकी दोहोंत क्लोरफेनिरामिन नावाचे गुंगी आणणारे द्रव्यही होते. म्हणजे आमचा कामगार आपल्या समजुतीप्रमाणे तीन निरनिराळ्या तक्रारींवर तीन निरनिराळी औषधे घेत होता. प्रत्यक्षात तो एकच औषध तीन नावांनी घेत होता, आणि त्याच्यासोबत झोपेचा एक डोस त्याच्या नकळत पोटात जात होता.

त्या दिवसापासून आम्ही या नावांच्या मागे लागलो. औषधाला नाव कोण देतो? एका औषधाला शंभर नावे आणि एका नावाखाली दोन-तीन औषधे, हा प्रकार सुरू कधी झाला? त्याची किंमत कोणी मोजली? जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

वेदना आणि निद्रानाश ही जुळी भावंडे आहेत. दुखते म्हणून झोप नाही आणि झोप नाही म्हणून अधिक दुखते. अफू या दोन्हींवर चाले, म्हणून शेकडो वर्षे तिचे राज्य होते. पण अफू ही निदान अफू या नावानेच ओळखली जाई. नावांचा बाजार सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जर्मनीच्या रंगांच्या कारखान्यांतून.

१८८६ साली स्ट्रासबर्ग येथे काहन आणि हेप या दोन तरुण डॉक्टरांनी एका रोग्याला नॅप्थलीन म्हणून एक पूड दिली. पुडीत चुकून दुसरेच द्रव्य आले होते, आणि त्याने रोग्याचा ताप झपाट्याने उतरला. ते द्रव्य म्हणजे ॲसिटॅनिलाइड. ते रसायनशास्त्रज्ञांना कित्येक वर्षे आधीपासून माहीत होते, त्यामुळे त्यावर मक्ता मिळणे शक्य नव्हते. तेव्हा कारखानदाराने युक्ती केली. द्रव्याचा मक्ता मिळत नाही तर नावाचा घ्यावा! ‘अँटिफेब्रिन’ असे सुटसुटीत नाव त्याने नोंदविले. डॉक्टर चिठ्ठीवर ते सोपे नाव लिहू लागले. एकदा ते नाव लिहिले की औषधविक्याला तोच महाग माल देणे भाग पडे, जरी शेजारच्या बरणीत तेच द्रव्य स्वस्तात पडलेले असले तरी. औषधाचे नाव ही मालमत्ता बनली ती अशी.

लवकरच अमेरिकेने त्याच्यावर कडी केली. १८८८ साली बाल्टिमोर शहरातील आयझॅक इमर्सन यांनी ‘ब्रोमो-सेल्टझर’ नावाचे फसफसणारे चूर्ण बाजारात आणले. त्यात डोके दुखायचे थांबावे म्हणून हेच ॲसिटॅनिलाइड होते, आणि मन शांत होऊन डोळा लागावा म्हणून ब्रोमाइड. वेदनाशामक आणि निद्राकारक यांचे हे लोकप्रिय लग्न. त्यातून एवढा पैसा आला की १९११ साली इमर्सन यांनी शहरात एक मनोरा उभारला आणि त्याच्या डोक्यावर ५१ फूट उंचीची, रात्री झळकणारी, फिरती बाटली बसविली. नाव सगळ्या शहराला दिसत होते, पण आत काय आहे हे पिणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. ॲसिटॅनिलाइड जादा झाले म्हणजे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते आणि ओठ निळे पडतात. ब्रोमाइड शरीरात साठत जाते आणि माणसाला भ्रम होऊ लागतो. १९०६ साली अमेरिकेत अन्न व औषधांचा पहिला मोठा कायदा झाला. अफू, मॉर्फिन, कोकेन, क्लोरल, ॲसिटॅनिलाइड अशी काही ठरावीक द्रव्ये औषधात असतील तर ती वेष्टनावर छापणे त्याने सक्तीचे केले. पाऊल मोठे होते, परंतु कायद्यातील यादी ही नेहमी काल घडलेल्या अनर्थाची असते. उद्याचा अनर्थ त्या यादीत नसतो.

तो अनर्थ जर्मनीत तयार होतच होता. हेक्स्ट कारखान्यातील फ्रीड्रिश स्टोल्झ यांनी शतकाच्या शेवटच्या दशकात ॲमिडोपायरिन बनविले. ‘पिरॅमिडॉन’ या नावाने ते घरोघरी गेले. डोके, दात, सांधे, पाळीचे दुखणे या सर्वांवर ते चाले. पुढे १९०३ साली एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटल हे झोपेचे औषध पुढे आणले. त्याचे बाजारातील नाव ‘व्हेरोनाल’. त्यातून झोपेच्या औषधांचे एक मोठे घराणेच निघाले. या घराण्याच्या नावांची गंमत पाहा. पहिल्या महायुद्धात जर्मन मक्ते मोडले गेले, तेव्हा अमेरिकेत व्हेरोनालला ‘बार्बिटल’ हे सर्वसामान्य नाव मिळाले. तिकडे इंग्लंडने त्याच द्रव्याला ‘बार्बिटोन’ म्हटले. औषध एक, महासागराच्या अलीकडे एक शेपूट, पलीकडे दुसरे.

आता एका खिशात दुखण्याचे उत्तम औषध आणि दुसऱ्या खिशात झोपेचे उत्तम औषध, असे झाल्यावर ती दोन्ही एकाच गोळीत घालण्याचा मोह कोणाला होणार नाही? पहिल्या महायुद्धानंतर अशा गोळ्यांची रीघ लागली. रोश कंपनीची ‘ॲलोनाल’, शेरिंगची ‘व्हेरामॉन’, सिबाची ‘सिबाल्जिन’. प्रत्येकीत बार्बिटल घराण्यातील एक झोपेचे औषध आणि जोडीला ॲमिडोपायरिन. नावे ऐकून आत एकच वेदनाशामक आहे असे कोणाच्या स्वप्नातही येऊ नये. डॉक्टर ती लिहून देत आणि स्वतःही घेत. परिचारिका रात्रीच्या कामानंतर घेत. आणि तेव्हाच्या कायद्यानुसार अमेरिकेत ही गोळी कोणीही दुकानात जाऊन मागू शकत असे. १९०६ च्या यादीत ना ॲमिडोपायरिनचे नाव होते, ना बार्बिटलचे.

आणि मग १९२२ साली बर्लिनमध्ये वेर्नर शुल्ट्झ यांनी एका विचित्र रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. बऱ्याचशा मध्यम वयाच्या स्त्रिया एकाएकी तापाने फणफणत, घसा सडत जाई आणि रक्त तपासावे तो जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतला एक मुख्य प्रकार जवळजवळ नाहीसा झालेला असे. बहुतेक रोगी थोड्याच दिवसांत दगावत. रोगाला ‘ॲग्रॅन्युलोसायटोसिस’ असे नाव दिले गेले. नाव मिळाले, पण कारण मिळेना. कोणी जंतूंचा संशय घेतला, कोणी शरीरातल्या स्रावांचा. एक गोष्ट मात्र ध्यानात येत होती. हा रोग झोपडीत राहणाऱ्यांपेक्षा सुखवस्तू घरांत, डॉक्टरांच्या कुटुंबांत आणि परिचारिकांमध्ये अधिक दिसत होता. एरवी रोगराई गरिबाचे दार आधी ठोठावते. ही उलटी तऱ्हा का?

उत्तर त्या रोग्यांच्या उशाशीच पडलेले होते. ज्याला औषध सहज मिळे आणि परवडे, त्यालाच हा रोग होत होता. पण एक रोगी सांगे ॲलोनाल, दुसरा सांगे पिरॅमिडॉन, तिसरा आणखी काही. कागदावर मांडले की सर्वांची औषधे निराळी दिसत, आणि सर्वांची औषधे निराळी असतील तर औषध हे कारण कसे असेल? अखेर १९३४ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरातल्या फ्रेडरिक मॅडिसन आणि थिओडोर स्क्वायर या दोन डॉक्टरांनी नावे बाजूला सारली आणि गोळ्यांच्या पोटात काय आहे ते तपासले. त्यांच्या रोग्यांच्या हकीकतींत पुनःपुन्हा ॲमिडोपायरिन निघाले, कधी एकटे, कधी झोपेच्या औषधाच्या जोडीने. ज्यांनी ते सोडले ते वाचले. ज्यांना पुन्हा दिले गेले त्यांच्या पांढऱ्या पेशी पुन्हा घसरल्या. हा सगळ्यांना होणारा विकार नव्हे. थोड्याच लोकांच्या शरीराला ते औषध असे बाधते. परंतु कोणाला बाधेल हे आधी सांगता येत नाही.

मंडळी, १९२२ ते १९३४ ही बारा वर्षे आपण ध्यानात ठेवावीत. ती सर्व काही नावांनीच खाल्ली असे आम्ही म्हणत नाही, कारण विज्ञानाला वेळ लागतोच. परंतु वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘ॲमिडोपायरिन’ असे छापलेले असते, तर हा धागा एखाद्या हुशार परिचारिकेलाही आधी सापडला असता असे आम्हाला वाटते. आम्ही कारखान्यातले अपघात तपासतो तेव्हा पहिली गोष्ट ही करतो की सर्व अपघातांत सारखे काय आहे ते शोधतो. जेथे सारख्या वस्तूला सारखे नाव नाही तेथे हा शोधच खुंटतो. नाव लपविणे म्हणजे पुरावा लपविणे होय, मग लपविणाऱ्याचा हेतू काहीही असो.

अमेरिकेत १९३७ साली सल्फा औषधाच्या एका विषारी द्रवाने शंभराहून अधिक माणसे मेली आणि १९३८ साली नवा कडक कायदा झाला. त्यानंतर ॲमिडोपायरिनसारखी औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून देणे बंद झाले. आपल्या देशात ॲमिडोपायरिनवर बंदी आली ती १९८३ साली.

यानंतरचे पाऊल साऱ्या जगाने मिळून टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली ठराव केला की प्रत्येक औषधी द्रव्याला सर्व देशांसाठी एकच नाव असावे, आणि ते कोणाच्याही मालकीचे नसावे. १९५३ साली अशा नावांची पहिली यादी निघाली. या नावांची रचना मोठी समंजस आहे. आपल्याकडे आडनावावरून घराणे कळते, तसे या नावांतील एका तुकड्यावरून औषधाचे घराणे कळते. पेनिसिलिनच्या घराण्याला ‘सिलिन’ हे शेपूट, झोपेच्या बार्बिटल घराण्याला ‘बार्ब’ हा तुकडा. ज्याला एका ‘सिलिन’ची बाधा झाली असेल त्याने दुसरे ‘सिलिन’ हातात घेताना थबकावे. नाव म्हणजे नुसती हाक नव्हे, धोक्याची पाटीही आहे. पुढे १९९३ साली संघटनेने असाही ठराव केला की व्यापाऱ्यांनी आपली नावे या सार्वजनिक नावांवरून किंवा त्यांच्या तुकड्यांवरून बेतू नयेत. सार्वजनिक विहिरीवर खाजगी कुलूप नको, असाच त्याचा अर्थ.

तथापि या व्यवस्थेत एक उणीव राहिली आणि आपली गोळी नेमकी त्या उणिवेत बसते. ही नावे एकेका द्रव्याला मिळतात, मिश्रणाला नाही. मिश्रणाचे खरे नाव सांगायचे तर आतील सर्व द्रव्ये त्यांच्या मापासह वाचून दाखवावी लागतात, आणि एवढे लांब नाव ना डॉक्टर लिहितो ना गिऱ्हाईक बोलतो. मग पुन्हा व्यापारी नावाचे राज्य येते. इंग्लंडने यावर एक तोड काढली. काही रुळलेल्या मिश्रणांना ‘को’ हे अक्षर पुढे लावून जोडनाव दिले. कोडीन आणि पॅरासिटामॉल यांच्या मिश्रणाला ‘को-कोडॅमॉल’ म्हणतात आणि पुढे ८/५०० असे आकडे लिहितात, म्हणजे कोणते किती मिलिग्रॅम ते समजते. नाव छोटे, पण पोटातले सांगणारे. अशी जोडनावे सर्वत्र पसरली असती तर आजचा गोंधळ पुष्कळ कमी झाला असता.

आज त्या जुन्या गोळीच्या जागी कोणती गोळी आहे? ब्रोमाइड गेले, बार्बिटल जवळजवळ गेले, ॲमिडोपायरिन गेले. आता अमेरिकेत घरोघरी जी जोडी आहे तीत दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि झोपेसाठी डायफेनहायड्रामिन असते. पॅरासिटामॉल जुनेच. फॉन मेरिंग यांनी १८९३ साली ते तपासले आणि बाजूला टाकले. १९४८ साली ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखविले की ॲसिटॅनिलाइडचा गुण येतो तो शरीरात त्याचे हेच द्रव्य बनते म्हणून. अमेरिकेत ते १९५५ साली ‘टायलेनॉल’ या नावाने, तर इंग्लंडात १९५६ साली ‘पॅनाडॉल’ या नावाने आले. आणि येथेही तेच शेपटाचे भांडण! अमेरिका त्याला ‘ॲसिटामिनोफेन’ म्हणते, बहुतेक जग ‘पॅरासिटामॉल’ म्हणते. दोन्ही शब्द एकाच लांबलचक रासायनिक नावाचे निरनिराळे अक्षर-तुकडे जोडून बनविलेले आहेत. तिकडे मुलाकडे गेलेले आपले आईबाप बरोबर नेलेली पॅरासिटामॉलची गोळी घेतात आणि वर तेथील दुकानातून ॲसिटामिनोफेनची घेतात. एकच औषध दुप्पट होते. निरोगी प्रौढाला दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम मानली जाते. ती ओलांडली की यकृत धोक्यात येते, आणि दारू पिणाऱ्याचे त्याही आधी.

डायफेनहायड्रामिनची कथा निराळी. सिनसिनाटी विद्यापीठातील जॉर्ज रीव्हश्ल यांनी ते शोधले आणि १९४६ साली ‘बेनाड्रिल’ या नावाने ते बाजारात आले, तेही पित्ताच्या गांधी, शिंका अशा तक्रारींवर. झोप येणे हा त्याचा दोष मानला जाई. पुढे तोच दोष गुण म्हणून विकला जाऊ लागला, आणि १९८२ साली अमेरिकन सरकारने चिठ्ठीवाचून मिळणारे झोपेचे औषध म्हणून त्याला मान्यता दिली. आपल्याकडे बेनाड्रिल म्हटले की खोकल्याची बाटली डोळ्यांपुढे येते. नाव तेच, देश बदलला की काम बदलले.

‘टायलेनॉल पीएम’च्या एका गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि २५ मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन असते. ‘पीएम’ म्हणजे रात्रीचे. परंतु ‘ॲडव्हिल पीएम’मध्ये वेदनाशामक आयबुप्रोफेन आहे आणि ‘अलीव्ह पीएम’मध्ये नॅप्रोक्सेन. ही औषधे पोटाला आणि मूत्रपिंडाला जपून घ्यावयाची. म्हणजे ‘पीएम’ ही दोन अक्षरे रात्र झाली एवढेच सांगतात, आत कोण आहे ते सांगत नाहीत. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की नाव तेच ठेवून आतला माल बदलता येतो. १९७९ साली मेथापायरिलीन या झोपेच्या द्रव्याने उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो असे दिसून आले आणि अमेरिकेत ते मागे घेतले गेले. ‘सोमिनेक्स’ या झोपेच्या गोळीतून ते गेले आणि दुसरे द्रव्य आले, पाटी मात्र तशीच राहिली. किराणा दुकानाची पाटी कायम ठेवून आत सोनाराने बसावे, तसेच हे!

मग ही दुहेरी गोळी वाईटच का? आम्ही तसे म्हणत नाही. दात काढलेला आहे, पाय मुरगळला आहे, दुखण्यामुळे झोप लागत नाही, अशा वेळी दोन-चार रात्रींपुरता तिचा उपयोग आहे. दुखणे नसताना नुसत्या झोपेसाठी ती घेणे म्हणजे यकृतावर विनाकारण ओझे घालणे. झोप येत असून दुखते आहे अशा वेळी ती घेणे म्हणजे विनाकारण गुंगी. शिवाय डायफेनहायड्रामिनची सवय शरीराला काही दिवसांतच होते आणि झोप पुन्हा उडते. म्हाताऱ्या माणसांना त्याने भ्रम होतो, लघवी अडते. गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते, म्हणून यंत्र चालविणाऱ्याने आणि वाहन हाकणाऱ्याने सावध राहावे. सगळीच मिश्रणे दोषी असतात असेही नाही. क्षयरोगावरील औषधे एकाच गोळीत देण्यात शास्त्र आहे, कारण त्यातले एखादे चुकले तर रोगजंतू निर्ढावतात. प्रश्न मिश्रणाचा नाही. मिश्रण का केले आणि घेणाऱ्याला ते कळले का, हा प्रश्न आहे.

आपल्या देशाने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ साली दिलेल्या अहवालात व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने बंद करावीत अशी शिफारस केली. कंपन्यांचे म्हणणे असे होते की व्यापारी नाव ही मालाच्या दर्जाची हमी आहे. या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. जेथे सरकारी तपासणी ढिली तेथे गिऱ्हाईक ओळखीचे नाव शोधणारच. म्हणून नुसते सार्वजनिक नाव पुरे नाही, त्याच्या पाठीशी चोख तपासणीही हवी. परंतु तपासणी ढिली आहे हे नाव लपविण्याचे कारण कसे होऊ शकते, हे आम्हाला आजवर समजलेले नाही. शिफारस बव्हंशी कागदावर राहिली. पुढे १० मार्च २०१६ रोजी सरकारने ३४४ ठरीव मिश्रणांवर एकदम बंदी घातली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी आली. झोपेची किंवा चिंताशामक औषधे वेदनाशामक-ज्वरशामकांत मिसळून विकणे तर आपल्याकडे त्यापूर्वीपासूनच बंद आहे. पण आमच्या कामगाराच्या खिशातील गोळी या बंदीत सापडत नाही, कारण ती सर्दीची गोळी आहे. तीतील गुंगी आणणारे द्रव्य झोपेचे औषध म्हणून गणलेच जात नाही. कायदा नावावर चालतो आणि कामगार गुणावर.

येथे आम्हाला स्वीडनमधील हुस्कव्हार्ना या कारखान्याच्या गावाची आठवण होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तेथील योर्टन नावाच्या डॉक्टरांनी एक पूड लिहून दिली. तीत फेनासेटिन, फेनाझोन आणि तरतरी आणणारे कॅफीन होते. साथ गेली, पूड राहिली. कामगार ती दिवसभर कामाचा वेग टिकविण्यासाठी घेऊ लागले, एकमेकांना भेट म्हणून देऊ लागले. कित्येक वर्षांनी त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे दिसले आणि दोष फेनासेटिनकडे गेला. एकीकडे दिवसा जागे ठेवणारी पूड, दुसरीकडे रात्री झोपविणारी गोळी. दोन्हींत वेदनाशामक समान. माणसाला यंत्राच्या घड्याळाशी जुळवून घ्यावयाचे असते, आणि घड्याळ बदलत नाही म्हणून तो आपले रक्त बदलतो. सरदारवर्गाची व्यसने हा जुना विषय आहे. श्रमिकाची औषधे हा इतिहासाचा विषय अजून नीट लिहिलाच गेलेला नाही.

म्हणून आमचे मागणे दुहेरी आहे. पहिले म्हणजे गोळीच्या वेष्टनावर आतील द्रव्यांची सार्वजनिक नावे, त्यांचे माप आणि ‘झोप येते’ ही सूचना मराठीत, चष्म्यावाचून वाचता येईल अशा अक्षरांत असावी. दुसरे मागणे औषध कंपनीकडे नाही. सलग रात्रपाळी, पत्र्याची खोली, बारा तास उभ्याने काम हे सारे तसेच ठेवून कितीही शुद्ध नावाची गोळी दिली तरी ती रोगावरचे औषध होणार नाही, केवळ पाळीचे वंगण होईल.

त्या कामगाराच्या दाव्याचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. आम्ही तिन्ही वेष्टने न्यायालयात ठेवली. इंग्रजीतील ‘ड्रग’ हा एकच शब्द अफूलाही चालतो आणि सर्दीच्या गोळीलाही, आणि त्याचे मराठी करताना कोणी ‘नशा’ लिहितो, कोणी ‘औषध’, हे आमच्या वकिलांनी नीट मांडले. शेवटी तडजोड झाली. पैसे हक्काहून कमी मिळाले. पण एक गोष्ट आम्ही अडून बसून मिळविली. कागदातील ‘नशेत’ हा शब्द खोडला गेला आणि तेथे त्या द्रव्याचे खरे नाव लिहिले गेले. त्या कागदाची नक्कल त्याने मागून घेतली. मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, आणि बाप नशेबाज असल्याचा कागद कोर्टात आहे ही कुजबुज त्याला दोन बोटांहून जास्त बोचत होती.

आता तो रखवालदाराचे काम करतो. तेही रात्रपाळीचेच.